तीनशेचा प्लॅन आणि चौऱ्याण्णवचा आकडा

९३.८, ९४.१, ९४.०, पुन्हा ९४.१. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, आणि स्पीड टेस्ट सकाळी घ्या, रात्री घ्या, फोनवर घ्या की लॅपटॉपवर, हॉलमध्ये आकडा चौऱ्याण्णवच्या पुढे जात नाही. नेट खरोखर स्लो असतं तेव्हा आकडा नाचतो. कधी ४०, कधी १५०. एका जागी असा खिळून राहिला, तर मध्ये कुठेतरी शंभराचं झाकण बसलंय असं समजावं. आतल्या बेडरूममध्ये गेलं की हाच आकडा १८ वर यायचा. तो रोग वेगळा होता, त्याचं पुढे.

घर पुण्यात, वाकडला, सातव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. फायबर मुख्य दारावरून आत येते आणि टीव्ही युनिटमागच्या ओएनटीला लागते. ओएनटी म्हणजे कंपनीने दिलेला तो पांढरा डबा, ज्याला सगळे मोडेम म्हणतात. त्याच्याशेजारी घरचा स्वतःचा राउटर. आतली बेडरूम हीच ऑफिसची खोली, आणि तक्रार तिथूनच सुरू झालेली: व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, संध्याकाळी चकरी फिरत राहते.

अशा वेळी पहिला मोह राउटर बदलायचा होतो. तो आवरायचा. आधी वही घ्यायची आणि काहीही न हलवता मोजायचं. प्रत्येक जागी तीन वेळा, मधला आकडा लिहायचा, वेळ लिहायची. मोजताना टीव्ही बंद, फोनचा फोटो बॅकअप बंद, विंडोजचं अपडेट थांबवलेलं. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद, नाहीतर आपण ऑफिसच्या सर्व्हरचा वेग मोजत बसतो. एकक पाहायचं: प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३०० चा प्लॅन फाइल उतरवताना ३५-३६ च दाखवणार, आणि तो बरोबरच असणार. आणखी एक गोष्ट कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आधीच पाहून ठेवावी: महिन्याचा डेटा संपलाय का. ‘अनलिमिटेड’ म्हणवणाऱ्या बऱ्याच प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग एकदम खाली येतो. दोन-चार कॅमेरे दिवसरात्र क्लाउडवर चढत असतील तर ही मर्यादा वाटते तितकी लांब नसते.

मोजायचं एका वेळी एकच कडी. फायबर ते ओएनटी ही एक, ओएनटी ते राउटर दुसरी, राउटर ते भिंतीतली केबल तिसरी, आणि हवेतला वायफाय चौथी. फोनवरची स्पीड टेस्ट वाटेतल्या सगळ्या कड्यांचा मिळून एकच आकडा दाखवते. तिच्यावरून ‘काहीतरी बिघडलंय’ एवढंच कळतं, कुठे ते कळत नाही.

लॅपटॉप आधी राउटरच्या लॅन पोर्टला तारेने जोडला. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं गेलं की खाली लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००/१००० होतं, म्हणजे लॅपटॉप ते राउटर ठीक. टेस्ट तरीही ९४. मग स्वतःची पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी लॅन वायर, घेऊन लॅपटॉप थेट ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टला लावला. या वेळी आकडे आले २९१, २८८, २९३. कंपनी पूर्ण वेग देत होती. खोट ओएनटी आणि राउटर यांच्या मधल्या एक मीटरच्या वायरमध्ये होती.

ती चपटी, पांढरी कॉर्ड कुठल्यातरी जुन्या डब्यासोबत आलेली. १०० एमबीपीएसचं इथरनेट आठपैकी चारच तारा वापरतं: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. चौथी, पाचवी, सातवी किंवा आठवी तार तुटली किंवा मुळात नसलीच, तर दोन्ही टोकांची यंत्रं आपापसात ठरवून १०० वर उतरतात आणि गपचूप चालत राहतात. कुठलाही लाल दिवा लागत नाही, कुठला संदेश येत नाही. म्हणूनच हा बिघाड वर्षानुवर्षं लपून राहतो. आणि १०० ऐवजी ९४ का? डेटा पॅकेटांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत, जातो. पूर्ण आकाराचं एक पॅकेट तारेवर, डोकं-शेपूट आणि मधली मोकळी जागा धरून, १५३८ बाइटांची जागा खातं. त्यात आपल्या कामाचा माल १४४८ बाइट. भागाकार करून पाहा, ९४.१ येतो. गिगाबिटवर हाच हिशेब ९४१ देतो. तेव्हा ९४ दिसला तर शंभराची लिंक शोधायची आणि ९४० दिसला तर तारेबद्दल चिंता सोडायची.

कॉर्ड बदलण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहिल्या, कारण ९४ चे गुन्हेगार तिघे असतात. ओएनटीच्या काही मॉडेलांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे शंभराचे. पोर्टाखाली जीई (गिगाबिटचा) किंवा एफई (शंभराचा) असं कोरलेलं असतं, किंवा तो पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो. दुसरं, लॅपटॉपच्या नेटवर्क अ‍ॅडॉप्टरमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स हा पर्याय कुणी १०० वर बांधून ठेवलेला असू शकतो. तो ऑटोवरच हवा. इथे दोन्ही ठीक होतं. नवी कॅट-६ पॅच कॉर्ड लावली आणि हॉल ९४ वरून २९० वर गेला. खर्च दोन प्लेट वडापावचा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल आणि यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर वापरणार असाल तर तो यूएसबी ३ चा आहे ना ते पाहा. यूएसबी २ ची मूळ मर्यादाच ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी, आणि स्वस्त अ‍ॅडॉप्टर तर शंभराचेच असतात.

हात लागलाच होता म्हणून ओएनटीच्या पानावर जाऊन प्रकाशाची पातळी पाहिली. ब्राउझरमध्ये डब्यामागच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, टाकायचा; आत पॉन किंवा ऑप्टिकल नावाच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात असते; उणेचा आकडा जितका मोठा तितकी ताकद कमी. जीपॉन म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत; घरगुती जीपॉन ओएनटीला साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मधला प्रकाश लागतो. इथे उणे २६.३ होतं. चालतंय, पण कडेलोटावर. जीपॉन हे वायफायसारखं नाही. प्रकाश मंदावला म्हणून ते हळूहळू वेग कमी करत नाही. लाइनचा वेग ठरलेला असतो, खाली २.४८८ गिगाबिट आणि वर १.२४४. प्रकाश कमी पडला की आधी चुका वाढतात, पॅकेट गळतात, पाठवणारा सर्व्हर आपणहून आखडता हात घेतो आणि आपल्याला ते ‘कधी चालतं, कधी नाही’ असं दिसतं. आणखी कमी झाला की एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो आणि सगळंच बंद.

कारण टीव्ही युनिटच्या मागेच सापडलं. जास्तीची दोन मीटर फायबर कुणीतरी अंगठ्याएवढ्या गुंडाळीत कोंबून केबल टायने आवळली होती. घरात वापरतात त्या वाकणाऱ्या फायबरचीही किमान त्रिज्या साधारण ७.५ ते १० मिलिमीटर असते, आणि ती सैल वळणाची; आवळलेल्या टायखालचं टोकदार वळण यात बसत नाही. वाकलेल्या जागेतून प्रकाश बाहेर गळतो, आणि लांब तरंगलांबीचा जास्त गळतो. खाली येणारा प्रवाह १४९० नॅनोमीटरवर, वर जाणारा १३१० वर, म्हणून आधी डाउनलोड रडायला लागतं. टाय कापला, बशीएवढी मोकळी गुंडाळी करून ती युनिटमागे चिकटपट्टीने लावली. पातळी उणे २१.८ वर आली. साडेचार डीबी म्हणजे जवळजवळ तिप्पट प्रकाश, आणि हत्यार काय, तर नखं कापायची कात्री.

फायबरच्या बाबतीत एवढंच करावं. कनेक्टर उपसून टोक डोळ्यासमोर धरू नये. आतला लेझर अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला लागतो. हिरव्या कनेक्टरच्या जागी निळा खुपसू नये. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नाही, आणि दोघांच्या मध्ये हवेची फट राहते. पातळी उणे २७ च्या खाली असेल आणि गुंडाळी निर्दोष असेल, तर तो जिन्यातल्या स्प्लिटरचा, म्हणजे फायबर घराघरांत वाटणाऱ्या डबीचा, किंवा जोडाचा प्रश्न. फायबरवाल्याला आकडा सांगून बोलवावं. ‘नेट चालत नाही’ म्हटलं की तो राउटर बंद-चालू करून जातो. ‘आरएक्स उणे २८ आहे’ म्हटलं की फायबर जोडायचं स्प्लाइसिंग मशीन घेऊन येतो.

आता तिसरी कडी. बिल्डरने हॉलच्या टीव्ही पॉइंटपासून आतल्या बेडरूमपर्यंत लॅनची केबल कन्सील्ड पाइपातून टाकून दिलेली होती. ती आजवर कुणी वापरली नव्हती, कारण ताबा घेतल्यावर एकदा लावून पाहिली तेव्हा ‘चालत नाही’ असा निकाल लागलेला. इलेक्ट्रिशियनच्या साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागत होते: एक, दोन, तीन, आठपर्यंत. तरी लॅपटॉप लावला की लिंक कधी १०००, कधी १००, मध्येच तुटायची.

दोन्ही टोकांच्या सॉकेटच्या प्लेटा उघडल्यावर उलगडा झाला. तारा नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी अशा जोडीजोडीने सुबक लावलेल्या होत्या. डोळ्याला हेच बरोबर वाटतं. केबलमध्ये दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पण आरजे-४५ मध्ये, म्हणजे लॅनच्या प्लगमध्ये, १-२ ही जोडी, ३-६ ही जोडी, ४-५ आणि ७-८. तीन आणि सहा एकाच पिळातल्या असाव्या लागतात. सरळ जोडीजोडीने लावलं की तिसरी एका पिळातली आणि सहावी दुसऱ्या पिळातली होते. वीज पोचते, म्हणून टेस्टर खूश. पण पीळ असतो तोच मुळी एका तारेतला गोंगाट दुसरीने खोडून काढावा म्हणून. पीळ फुटला की शेजारच्या जोड्यांचा आवाज आत शिरतो आणि वेग वाढला की लिंक कोसळते. दोनतीनशे रुपयांचा टेस्टर हा दोष कधीच पकडत नाही. तो फक्त तार अखंड आहे का एवढंच सांगतो.

क्रम पुन्हा लावला, दोन्हीकडे ‘बी’ पद्धतीचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘ए’ पद्धतही चालते, पण दोन्ही टोकांना एकच हवी. भिंतीतल्या सॉकेटला म्हणजे कीस्टोनला तारा पंच टूलने दाबून बसवल्या. पीळ उघडायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा; सोय म्हणून दोन-तीन इंच सोडवून ठेवतात तिथे पुन्हा तोच आजार. बिल्डरच्या माणसाने बॉक्समध्ये चारच इंच केबल सोडली होती, त्यामुळे चुकायला एकदाच वाव होता. कापण्याआधी एक टोक फालतू तुकड्यावर बसवून सराव केला, तो बरा पडला.

अजून एक तपासणी याच वेळी होते. तारेचं टोक कटरच्या पात्याने खरवडायचं. आत लाल तांबं दिसलं तर ठीक. चंदेरी दिसलं तर ती अ‍ॅल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली केबल. बाजारात कॅट-६ म्हणून बिनदिक्कत विकली जाते, बॉक्स उचलला की हलका लागतो. छोट्या अंतरावर ती चालतेही, पण दाबलेल्या जागी मोडते आणि दोन वर्षांनी कुठली तरी एक तार जाते. मग पुन्हा ९४. इथली केबल तांब्याची निघाली. पाइप असेल पण केबल नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडच्या स्प्रिंगने ओढून घेता येते. मात्र डेटाचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा हवा, आणि भिंतीत टाकायला भरीव तारेचीच केबल. दुकानात मिळणारी तयार मऊ पॅच कॉर्ड बारीक तारांच्या जुडग्याची असते, ती कीस्टोनमध्ये नीट बसत नाही.

भिंतीतली केबल स्पीड टेस्टने मोजायची नसते, कारण टेस्ट ३०० वर थांबणार आणि केबलला किती झेपतं ते कळणार नाही. त्यासाठी आयपर्फ-३ हा फुकट प्रोग्राम. हॉलमधल्या एका संगणकावर तो सर्व्हर म्हणून चालवायचा, बेडरूममधल्या दुसऱ्यावर क्लायंट म्हणून, पत्ता पहिल्याचा द्यायचा. दहा सेकंदांत निकाल. विंडोजचं फायरवॉल परवानगी विचारतं, ती नाकारली तर जोडणीच होत नाही आणि माणूस केबलवर संशय घेत बसतो. मोजणी दोन्ही दिशांनी करायची. उलट्या दिशेचा पर्याय त्यात आहे, आणि एका बाजूने ९४०, दुसऱ्या बाजूने ३०० असले आकडे टोकं नीट दाबून बसवलेली नसली (खराब क्रिम्पिंग) की हमखास दिसतात. इथे दोन्हीकडून ९४० आले.

मग हवा. आतल्या खोलीत १८ का यायचे याचं उत्तर इमारतीत आहे. गेल्या काही वर्षांतल्या पुण्या-मुंबईच्या बऱ्याच टॉवरांप्रमाणे ही इमारत माइवान पद्धतीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली. विटांची भिंत नाहीच. खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि प्रत्येकीत लोखंडी सळ्यांची जाळी. खिळा ठोकताना जो घाम फुटतो तोच वायफायलाही फुटतो. फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरने पाहिलं: हॉलमध्ये राउटरपासून तीन मीटरवर ५ गिगाहर्ट्झची रेंज उणे ४४ डीबीएम, पॅसेजमध्ये उणे ६१, बेडरूमचं दार बंद करून टेबलाशी उणे ७९. कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास तरी हवं. उणे ७५ च्या खाली फोन ५ सोडून २.४ वर उडी मारतो. तिथे अख्ख्या इमारतीची गर्दी. अ‍ॅपमध्ये त्या खोलीत २.४ वर एकवीस शेजाऱ्यांची नावं दिसत होती. मॅक असेल तर अ‍ॅपची गरज नाही. ऑप्शन बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की रेंज, चॅनेल आणि वेग सगळं तिथेच दिसतं.

जाडजूड अँटेनांचा महागडा राउटर इथे पैसे वाया घालवतो. राउटर ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि संभाषण दोघांचं असतं. रिपीटरही नको: तोच रेडिओ ऐकणार आणि तोच पुन्हा बोलणार, म्हणजे वेग निम्मा, शिवाय तो जिथे ठेवतात तिथे त्यालाच रेंज कमी पोचलेली असते. वाड्यातल्या दोन फुटी दगडी भिंती किंवा कोकणातली जांभ्याच्या चिऱ्यांची घरं, तिथेही हाच न्याय. भिंतीपलीकडे तारेने जायचं आणि हवेत पलीकडे उतरायचं. केबल आता चालू होती, म्हणून कपाटातला जुना राउटर बाहेर काढून त्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा, केला.

इथे क्रम चुकवला की अर्धा दिवस जातो, म्हणून तो सविस्तर. जुन्या राउटरला फॅक्टरी रीसेट दिला, लॅपटॉप एकट्या त्यालाच तारेने जोडला. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, म्हणून याचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद. हे राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात, आणि ज्या फोनला नव्याने पत्ता दिला त्याचं नेट चालत नाही. आज टीव्ही, उद्या फोन, असा भुताटकीचा प्रकार सुरू होतो. नंतर वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षरशः हॉलसारखा. सुरक्षा डब्ल्यूपीए-२, एईएस. जुन्या राउटरवर टीकेआयपी ही जुनी सुरक्षा निवडलेली असेल तर ८०२.११एन या वायफायचे वेग मिळतच नाहीत, ५४ वर गाडी अडते. डब्ल्यूएमएम हे वायफायचं सेटिंग बंद असेल तरी तेच. शेवटी भिंतीतली केबल त्याच्या लॅन पोर्टात लावली. निळ्या वॅन पोर्टात लावली तर नेट चालतं, पण घराचे दोन तुकडे होतात आणि फोनला हॉलमधला प्रिंटर सापडत नाही. ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असं तयार बटण असेल तर हे सगळं ते एकाच फटक्यात करतं.

चॅनेल हाताने ठरवले. ५ गिगाहर्ट्झवर हॉलला ३६, बेडरूमला १४९, रुंदी दोन्हीकडे ८० मेगाहर्ट्झ. मधले ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असल्यामुळे राउटरला आधी किमान मिनिटभर ऐकत बसावं लागतं आणि रडारचा भास झाला की चॅनेल सोडावा लागतो. घर विमानतळाजवळ असेल तर ते टाळलेलेच बरे. २.४ वर रुंदी २० च ठेवायची, ४० करून वेग वाढत नाही, शेजाऱ्यांशी भांडण वाढतं. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. रिकामा दिसतो म्हणून ३ किंवा ४ घेणारे दोन्ही बाजूंचा गोंगाट ऐकतात. हॉलला १, बेडरूमला ११ दिला. २.४ ची पॉवर दोन्हीकडे मध्यमवर आणली, कारण ती भिंतीतून जास्त झिरपते आणि फोन लांबच्या राउटरला चिकटून राहतो. आयफोन तर उणे ७० च्या खाली गेल्यावरच दुसरा शोधायला लागतो.

बेडरूमच्या टेबलाशी रेंज उणे ४७, टेस्ट २८४. लॅपटॉपवर लिंक ८६६ दाखवत होती, म्हणून कुणी ८६६ ची अपेक्षा धरू नये. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष हाती पाचसहाशेच लागतात. तरी वायरलेस माउस अडखळत होता. तो वायफायचा दोष नव्हता. माउसचा डाँगल यूएसबी ३ च्या हबला लावलेला होता, आणि यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच ते कागदावर मांडलं आहे. डाँगल हातभर लांब एक्स्टेन्शनवर नेला.

वेग आला. आवाज संध्याकाळी मात्र अजून तुटत होता. इथे स्पीड टेस्टचा आकडा बघून लोक थांबतात, आणि खरा विषय इथेच असतो. दोन खिडक्यांत पिंग लावले, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं: एक राउटरच्या पत्त्यावर, एक बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ वर. राउटर १-२ मिलिसेकंद, बाहेर ७. मग फोनवरून फोटोंचा मोठा बॅकअप चालू केला. राउटरचा पिंग २ वरच, बाहेरचा चढत चढत २३० वर. म्हणजे वायफाय स्वच्छ, पण बाहेर जाणारी रांग तुंबलेली. डब्यात साठवण मोठी असते. अपलोड भरलं की सगळी पॅकेट तिथे रांगेत उभी राहतात आणि कॉलचा आवाज फोटोंच्या मागे अडकतो. पॅकेट गळत नाहीत, उशिरा पोचतात. आवाजासाठी उशीर आणि गळती यांत फरक नाही. दोन्ही पिंग एकदम चढले असते तर मात्र पुन्हा हवेकडे वळावं लागलं असतं.

यावर उपाय रांग आपल्या ताब्यात आणणं. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आखून देणारी सोय, असेल तर ती चालू करायची, त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडायची, आणि वेग मोजलेल्या आकड्याच्या सुमारे ९० टक्के द्यायचा. इथे दोन्ही दिशांना २६५. दहा टक्के सोडून दिल्यासारखं वाटतं, पण मर्यादा कंपनीच्या वेगाहून जरा कमी असली तरच रांग आपल्या राउटरमध्ये लागते, नाहीतर ती पुन्हा त्या डब्यात जाते. बॅकअप चालू असतानाचा पिंग १३ वर आला. स्वस्त राउटरचा प्रोसेसर २६५ ला दमतो. एसक्यूएम लावल्यावर वेग १२० वर येऊन थांबला तर समजावं त्याची ताकद संपली. मग फक्त अपलोडला लावावं, किंवा काहीच न जमल्यास बॅकअप आणि कॅमेरे रात्री दोननंतर चालतील असं वेळापत्रक द्यावं.

किरकोळ गोष्टी भराभर. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, १.१.१.१ केल्याने पान उघडायची सुरुवात जरा चपळ होते, डाउनलोडचा वेग तसूभरही वाढत नाही. ओएनटी ब्रिज मोडवर घेतला, म्हणजे लॉगिनचं काम राउटरकडे दिलं, तर पीपीपीओई या लॉगिनचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक आधी कंपनीकडून लिहून घ्यावा, नाहीतर नेट जातं आणि परत लावता येत नाही. टीव्हीला तारेने जोडून वेग कमी झाला तर दचकू नये: बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट शंभराचाच असतो, आणि फोर-के चित्राला २५ पुरतात. राउटर बंद कपाटात, किंवा देव्हाऱ्यामागे पितळी समईच्या शेजारी ठेवू नये.

रात्रीचा प्रश्न वेगळा. सकाळी थेट ओएनटीवर २९० आणि रात्री दहाला त्याच तारेवर ९०, असं चार दिवस दिसलं तर घरात काही शोधू नये. जीपॉनचे २.४८८ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. ३२ घरांनी एकदम तीनशे मागितले तर बेरीज ९६०० होते. अशा वेळी टेस्टचा सर्व्हर बदलून पाहावा. कंपनीच्याच सर्व्हरवर २९० आणि दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर किंवा नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवर ८० आले, तर गर्दी कंपनीच्या पुढच्या वाटेवर आहे. तक्रार नोंदवताना तारेवरचे आकडे, वेळा, सर्व्हरचं नाव आणि आरएक्स पॉवर द्यावी, तक्रार क्रमांक घ्यावा. ‘सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किती’ या वादात पडू नये. २०२३ पासून ती किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे, त्यामुळे त्या आधाराने ३०० मिळत नाहीत.

दोन दिवसांनी वहीच्या शेवटच्या पानावर आकडे असे होते: ओएनटीवर २९२, हॉलमध्ये वायफायवर २८०, बेडरूमच्या टेबलाशी २८४, एसक्यूएम लावल्यावर सगळीकडे २५० च्या आसपास, आणि भार असताना पिंग १३. मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या पलीकडे, अजूनही उणे ८२. मध्ये लिफ्टची भिंत आहे, पाइप नाही. तिथे फोन मोबाइल डेटावर ठेवला आहे.